दर विचारला; माप विचारले काय?

धान्याच्या ठोक व्यापारात ज्याचा जन्म गेला त्याने चिऱ्याच्या भिंतीविषयी लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. तथापि पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांतील आमच्या सभासद बंधूंची घरे गेल्या काही वर्षांत वाढली, घरांभोवती लहानमोठ्या बागा झाल्या, आणि बाग आली की गुरे आवरण्यासाठी व हद्द राखण्यासाठी भिंत आलीच. या भिंतींच्या दरपत्रकांवरून जे वाद आमच्या कानांवर येतात, त्यांत सभासदांची कुटुंबेच एका पक्षाला असतात. म्हणून हा विषय स्मरणिकेत मांडणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

आश्चर्य याचे की, वाद करणारा गृहस्थ हा अडाणी गिऱ्हाईक नसतो. तांदळाचे पोते समोर आले म्हणजे तो मूठभर दाणे तळहातावर घेऊन ओल पाहतो, कणीचे प्रमाण पाहतो, बारदानाचे वजन वजा केल्यावाचून पैसा मोजत नाही. तोच गृहस्थ कंत्राटदाराने दिलेल्या चिठ्ठीवर ‘कुंपणाची चिरेबंदी भिंत, मालमजुरीसह एकूण रुपये इतके’ एवढी एक ओळ वाचतो आणि विचारतो, ‘शेवटचा आकडा बोला!’ दुकानात जो दर आणि माप यांची कधी फारकत होऊ देत नाही, तो घरी आल्यावर माप विसरतो.

पूर्वी आमच्या भागात धान्य कुडव, पायली, खंडी यांनी मोजले जाई, आणि एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नसे. दशमान पद्धती आल्यावर व्यापारातील तो गोंधळ संपला. बांधकामात मात्र तो अजून नांदतो आहे. एक कंत्राटदार धावत्या फुटाने दर देतो, दुसरा चौरस फुटाने, तिसरा चौरस मीटरने. पायाचे काम कोणी ब्रासने सांगतो, कोणी घनमीटरने. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि एक घनमीटर म्हणजे सुमारे 35.3 घनफूट, तेव्हा ब्रासमध्ये 2.83 घनमीटर बसतात. एका चौरस मीटरमध्ये 10.76 चौरस फूट असतात. हे तीन आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावेत. ज्याच्यापाशी ते नाहीत त्याने दोन दरपत्रकांची तुलना करू नये.

आता एक उदाहरण घेऊ. बागेच्या एका बाजूची भिंत 60 फूट लांब व 4 फूट उंच बांधायची आहे. म्हणजे दर्शनी क्षेत्र 240 चौरस फूट. आपल्याकडचा चिरा साधारण 14 इंच लांब, 9 इंच रुंद व 7 इंच जाड असतो. खाणीगणिक इंचभर फरक पडतो. हा चिरा आडवा निजवून बांधला तर भिंत 9 इंच जाडीची होते, आणि अर्ध्या इंचाचा सांधा धरून 100 चौरस फुटांना सुमारे 132 चिरे लागतात. तोच चिरा कुशीवर उभा करून बांधला तर भिंतीची जाडी 7 इंच भरते आणि चिरे सुमारे 105 पुरतात. आपल्या भिंतीला पहिल्या रीतीने 318, दुसऱ्या रीतीने 251 चिरे लागतील, तूटफूट निराळी. दोन कंत्राटदारांच्या आकड्यांत जो फरक दिसतो, तो पुष्कळदा या 67 चिऱ्यांचा, त्यांच्या वाहतुकीचा आणि मजुरीचा असतो. स्वस्त म्हणणारा अप्रामाणिक आहे असे मुळीच नव्हे. त्याने सात इंची भिंत सांगितली आहे, आपण नऊ इंची समजलो आहोत. दरपत्रकात जाडीचा आकडा नसेल तर ते परत करून लिहून मागावे.

उंचीचेही तसेच. चार फूट कोठून मोजायचे? जमिनीच्या पृष्ठापासून की पायाच्या माथ्यापासून? पायाचा माथा जर फूटभर खाली असेल, तर चार फुटांचे पैसे देऊन डोळ्यांना तीन फूट भिंत दिसेल. यावरून झालेली भांडणे आम्ही स्वतः मिटवली आहेत.

परंतु खरा प्रश्न जमिनीखालचा आहे. भिंतीचा जो भाग मालकाला दिसत नाही, तोच तिला उभी ठेवतो आणि दरपत्रकातही तोच बहुधा दिसत नाही. वरील 60 फुटांच्या भिंतीसाठी 2 फूट रुंद व 2 फूट खोल चर खणायचा म्हटले तर 240 घनफूट, म्हणजे 2.4 ब्रास खोदाई होते. पण हा नियम सर्वत्र लावता येत नाही. मोप्याच्या सड्यासारख्या जागी हातभर खाली कातळ लागतो. तेथे दोन फूट खोदाई लिहिली असेल तर एकतर कातळ फोडण्याचा भुर्दंड बसेल, नाहीतर खोदाई न होताच तिचे पैसे जातील. मोरजी-मांद्रे बाजूच्या रेवाळ जमिनीत उलट पाया रुंद घ्यावा लागतो. डिचोलीत नदीकाठच्या सखल वाड्यांत पावसाळ्यात पाणी चढते. तेथे चराच्या तळाशी काय आहे हे खणल्यावाचून कळत नाही. यास्तव ज्याने जागेवर येऊन दोन ठिकाणी पहार मारून पाहिली नाही, त्याच्या पायाच्या आकड्यावर आमचा विश्वास नाही. आणि पहार मारूनही अंदाज चुकू शकतो, हे मालकाने मान्य केले पाहिजे. म्हणून ‘प्रत्यक्ष मापाप्रमाणे, अमुक दराने ब्रास’ अशी पायापुरती अट असणे दोघांनाही न्याय्य होय. चर बुजवण्यापूर्वी घरातील कोणीतरी फूटपट्टी घेऊन तेथे उभे राहावे. दुकान बंद ठेवावे लागत नाही. घरातील गृहिणी हे माप उत्तम घेतात.

रेतीविषयी आमच्या व्यवसायातील एक अनुभव उपयोगी पडेल. ओले धान्य वजनात फसवते. ओली रेती मापात फसवते. किंचित दमट बारीक रेती फुगते, आणि तिचे आकारमान कोरड्या रेतीपेक्षा पंचवीस टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक, भरते. गाडी भरलेली दिसते, पण माल तेवढा नसतो. सिमेंटचे 50 किलोचे पोते सुमारे सव्वा घनफूट असते. एकास सहा या प्रमाणात त्यात साडेसात घनफूट रेती पडावी. एकास आठ केले तर दहा घनफूट. कालवलेल्या चुन्यासिमेंटात हा भेद डोळ्यांना ओळखू येत नाही. म्हणून प्रमाण दरपत्रकात लिहिलेले असावे, आणि कालवताना घमेली मोजली जावीत. बांधल्यानंतर निदान सात दिवस भिंतीवर पाणी मारणे कोणाकडे, हेही त्याच कागदावर यावे. पाणी कोणी मारायचे हे न ठरल्यामुळे कोणीच न मारल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

गिलावा करावा की चिरा उघडा ठेवावा, यावर मतभेद आहेत. उघडा जांभा शोभतो, खर्चही वाचतो. पण खाणीतून मऊ निघून वाऱ्यावर कठीण होणारा हा दगड आपल्या 120 इंचांच्या पावसात कायम अभेद्य राहतो, असे समजण्याचे कारण नाही. जुने गोवे येथील 1605 साली पूर्ण झालेल्या बॉम जीझस चर्चच्या बाहेरील चुन्याचा गिलावा 1950 च्या सुमारास काढून टाकण्यात आला. जगप्रसिद्ध वास्तूचा तो उघडा जांभा तेव्हापासून पावसाने झिजत आहे आणि जाणकार त्याबद्दल चिंता व्यक्त करतात. बागेच्या भिंतीला एवढे जपावे असे आम्ही म्हणत नाही. तथापि माथ्यावर उताराची सिमेंटची टोपी अवश्य हवी, कारण पाणी वरून मुरते. आणि भिंतीमागे माती चढलेली असेल तर पाणी निघण्यासाठी ठरावीक अंतरावर भोके ठेवलीच पाहिजेत. भिंती पडतात त्या बहुधा याच एका कारणाने. आणि पडतात त्या पाणंदीवर, जिथून मुले शाळेला जातात.

कराबाबत दोन शब्द. आकडा वस्तू व सेवा करासह आहे की त्याव्यतिरिक्त, हे विचारावे. अठरा टक्क्यांनी एका लाखाचे एक लाख अठरा हजार होतात. ज्याची नोंदणी नाही अशा लहान गवंड्याला कर आकारताच येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरील हा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. त्यापूर्वीचे दरपत्रक कोणी पुढे करत असेल तर ते नव्याने मागावे. पंचायतीचा परवाना, एक-चौदाचा उतारा व हद्दीची मोजणी हे मालकाचे काम आहे. कंत्राटदाराच्या भरवशावर ते टाकू नये.

आता आमचे मत स्पष्टच सांगतो. एकूण आकड्यावर घासाघीस करण्याची आपली सवय येथे घातक आहे. धान्याच्या सौद्यात किलोमागे रुपया कमी केला तरी दाणा तोच राहतो. भिंतीच्या सौद्यात दहा हजार कमी केले म्हणजे ते गवंड्याच्या खिशातून क्वचितच जातात. त्याला मजुरांचे पोट भरायचे असते. ते जातात पायाच्या खोलीतून, सिमेंटच्या पोत्यांतून आणि माथ्याच्या टोपीतून, आणि आपण जिंकल्याच्या आनंदात असतो. कमी करायचेच असेल तर काम कमी करावे: चाराऐवजी साडेतीन फूट उंची, आतल्या बाजूस गिलावा नको, फाटक पुढच्या वर्षी. असे सांगितले की कंत्राटदारही मोकळेपणाने हिशेब मांडतो.

पैसे देण्याची रीतही आरंभीच ठरावी. माल येताना काही, पाया मापून झाल्यावर काही, माथा बांधल्यावर काही. रकमेचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा उलटेपर्यंत मागे ठेवण्याची अट आम्ही घालतो, आणि ती दरपत्रकावर दोघांच्या सह्यांनिशी असते. भिंत सरळ उभी असेल तर ओळंबा लावून पाहावा आणि दसऱ्यापूर्वी तो हिस्सा गवंड्याच्या घरी पोचता करावा. त्याला दुकानाच्या पायरीवर तीन फेऱ्या घालायला लावू नयेत.