मयतीच्या आधी एक बैठक

मे महिन्यातली गोष्ट. पहाटे तीनला फोन आला, "ताई, आमचे बाबा गेले." आम्ही वस्तीत पोहोचलो तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत बाबांना खाली घेतलं होतं. उशाशी तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती लावलेली. पण घरच्यांना रडायलाही सवड नव्हती. स्मशानभूमीत डॉक्टरांचा दाखला लागतो आणि तो द्यायला कुणी तयार नव्हतं. एका डॉक्टरांनी दार उघडलं नाही. दुसरे म्हणाले, "हा माझा पेशंट नाही." तिसऱ्यांनी दोन हजार घेतले आणि बाबांना न बघताच लिहून दिलं, 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू'. अंत्ययात्रा निघायला दुपारचे बारा वाजले.

हृदय तर मरणाऱ्या प्रत्येकाचंच बंद पडतं. ते काही कारण नव्हे. बाबांनी उभा जन्म दगडखाणीत काढला होता. शेवटची दोन वर्षं त्यांना दहा पावलं चालवत नव्हतं. धुळीने फुप्फुसं निकामी होतात, त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात हा कामामुळे होणारा आजार धरलेला आहे. बाबांना तो होता का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. कागदावर 'हृदयक्रिया' आली आणि प्रश्नच मिटला. आपली माणसं कशाने मरतात हे सरकारच्या वहीत येत नाही, ते असं.

आम्ही काही जणी दवाखान्याची नोकरी सोडून वस्तीत काम करतो. आमचं म्हणणं असं, की मयतीची माहिती मयतीच्या दिवशी गोळा करायची नसते. ती आधी घ्यायची असते आणि त्यासाठी विहारासारखी दुसरी जागा नाही. रविवारची वंदना झाल्यावर एक तास काढा. स्मशानभूमीतल्या कर्मचाऱ्याला, शववाहिनीच्या चालकाला, वॉर्डातल्या जन्म-मृत्यू नोंदणी कारकुनाला आणि आपल्या बौद्धाचार्यांना एकत्र बसवा. कोणता कागद लागतो, रात्री कुणाला फोन करायचा, पालिकेकडून काय मोफत मिळतं, हे त्यांच्याच तोंडून ऐका. दर फळ्यावर लिहून ठेवले, की मयतीच्या घरी कुणी जास्त पैसे मागणार नाही.

तोवर एवढं लक्षात ठेवा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे, शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला फुकट द्यायचा असतो. घरी मृत्यू झाला तर तो नमुना ४अ वर मिळतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर शुल्क पडत नाही. म्हणून घरात म्हातारं किंवा जुनं दुखणेकरी माणूस असेल, तर एकच डॉक्टर धरून ठेवा. केसपेपर, एक्स-रे, आधार कार्ड आणि 'कुठे, किती वर्षं, काय काम केलं' याची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा. दाखला लिहिताना ती पिशवी डॉक्टरांसमोर ठेवा.

मृत्यू अचानक झाला असेल, कामावर झाला असेल, तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. "आता देहाची चिरफाड कशाला," असं घरचे म्हणतात. त्यांचं दुःख आम्ही जाणतो. पण गटारात उतरून गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल नसेल, तर हा हक्क मागायचा कशाच्या जोरावर? आणि दवाखाना बिलासाठी मृतदेह अडवत असेल तर गप्प बसू नका. देह ताब्यात मिळणं हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत लिहिलेला हक्क आहे.

आणखी एक. जलदान विधी, पुण्यानुमोदन झालं की मंडप सुटतो आणि बाई एकटी पडते. गेलेल्या माणसाला टीबी असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी राहून जाते. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. महिला मंडळाच्या दोघींनी महिन्याभराने त्या घरी जावं. खोकला कुणाला आहे, दाखला हातात आला का, पोरं शाळेत जातात का, एवढं विचारावं. जेवणावळीला कर्ज काढण्यापेक्षा हे पुण्य मोठं आहे.

काही जण म्हणतील, जित्या माणसांसमोर मरणाचं कसं बोलायचं? किसा गोतमीला तथागतांनी मोहरी आणायला घरोघर पाठवलं, ते हेच कळावं म्हणून. मरण न आलेलं घर तिला सापडलं नाही. आपण शुभ-अशुभ मागे टाकून आलेली माणसं आहोत. मग विहारात बसून एक तास हे बोलायला कचरायचं कशाला?

येत्या रविवारी सुरुवात करा. आम्हाला बोलवा, आम्ही येऊ.

जय भीम!