सरवा आणि मजुरी



सुगीच्या दिवसांत रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात एक तक्रार हमखास ऐकू येते. "कामाला बायकाच मिळंनात बघा. सरकार घरबसल्या दोन हजार देतंय, तांदूळ फुकट, बस फुकट. मग कशाला येतील?" बोलणारे आपलेच असतात. कुणाची शेती असते, कुणाचे दुकान, कुणाच्या घरी धुण्याभांड्याला बाई असते. आमच्या बेळगावात या दोन हजारांना 'गृहलक्ष्मी' म्हणतात, महाराष्ट्रात 'लाडकी बहीण', इंदूर-ग्वाल्हेरकडे 'लाडली बहना'. रक्कम थोडी इकडेतिकडे, तक्रार मात्र सगळीकडे तीच.

या तक्रारीच्या तळाशी एक तत्त्व आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. दिवसभर उन्हात वाकणाऱ्याच्या हाती घरबसल्या मिळणाऱ्या मदतीपेक्षा जास्त पैसे पडलेच पाहिजेत, नाहीतर श्रमाला मान उरत नाही. पण हे अंतर राखायचे कसे? मदत कापून, की मजुरी वाढवून? आवारातली चर्चा नेहमी पहिल्याच वाटेने जाते.

आधी साधा हिशेब करू. महिन्याला दोन हजार म्हणजे दिवसाला सदुसष्ट रुपयेसुद्धा नाहीत. कर्नाटकात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३७० रुपये ठरली होती. म्हणजे गृहलक्ष्मीचे महिन्याचे पैसे साडेपाच दिवसांच्या मजुरीइतकेही नाहीत. शिवाय एक गोष्ट तक्रार करणारे विसरतात. शेतात कामाला गेली म्हणून कुठल्याही बाईचे हे पैसे बंद होत नाहीत. घरात आयकर भरणारे कुणी नसले म्हणजे झाले. काम करणारीला मदत आणि मजुरी दोन्ही मिळतात. तेव्हा 'काम की मदत' अशी निवड तिच्यापुढे नाहीच.

मग ती येत का नाही? कारण आता तिला नाही म्हणता येते. पूर्वी घरात पीठ नसे म्हणून अंगात ताप असतानाही ती यायची, गडीमाणसापेक्षा कमी पैशांत यायची आणि ते पैसे आठवड्याने मिळाले तरी गप्प बसायची. समान कामाला समान मोबदला देण्याचा कायदा १९७६ साली झाला. आपल्या किती बांधांवर तो पोहोचला ते तुम्हीच सांगा. दिवसाला सदुसष्ट रुपयांच्या आधाराने एखादी बाई आपल्या कामाला नकार देऊ शकत असेल, तर दोष त्या सदुसष्ट रुपयांत शोधायचा की आपल्या मजुरीत?

मदत कापण्याची वाट आपल्या मुलखाने एकदा पाहिली आहे. १८७६-७८ च्या दुष्काळाने बेळगाव-धारवाडचा पट्टाही झोडपला होता. सर रिचर्ड टेंपल यांनी त्याआधी बिहारच्या दुष्काळात उदार हाताने धान्य पुरवून माणसे वाचवली होती आणि फार खर्च केला म्हणून बोलणीही खाल्ली होती. बहुधा त्याचाच धडा घेऊन १८७७ मध्ये त्यांनी दुष्काळी कामावरच्या माणसाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. जास्त दिले तर लोक आळशी होतील, सरकारवर विसंबून राहतील, असा विचार त्यामागे होता. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश विरोध करत राहिले, की एवढ्यावर खडी फोडणारा माणूस जगणार नाही. त्या दुष्काळात लाखो माणसे गेली. आळशी किती झाली याची नोंद कुणी ठेवली नाही.

स्वतंत्र भारतात राजस्थानच्या दुष्काळी कामांचा असाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. सरकारचे म्हणणे, की ही मदत आहे, इथे किमान वेतनाचा कायदा कशाला? १९८३ साली संजित रॉय खटल्यात न्यायालयाने ते झिडकारले. माणसाच्या लाचारीचा फायदा घेऊन किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही वेठबिगारीच आहे, मग काम देणारे सरकार का असेना, असा त्या निकालाचा आशय आहे. तरीही २०१७ साली केंद्राने देशभरासाठी मजुरीची खालची मर्यादा ठरवली ती दिवसाला १७६ रुपये. पुढे सरकारनेच नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये ३७५ रुपये सुचवले, तेही २०१८ च्या महागाईचा हिशेब धरून. तो आकडा स्वीकारला गेला नाही.

आता रूथचे पुस्तक उघडा. दुसरा अध्याय. परमुलखातून आलेली ही विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते. 'सरवा' हा शब्द आपल्या शेतकऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावीत हे नियमशास्त्रात सांगितले आहे (लेवीय १९). ती कुणा मालकाची मेहेरबानी नव्हती. त्या काळची ती कल्याण योजनाच म्हणा ना. बवाज काय म्हणाला? 'ही फुकट वेचू लागली तर माझी कापणी कोण करणार?' असे नाही म्हणाला. उलट आपल्या माणसांना सांगितले, की पेंढ्यांतल्या काही काड्या मुद्दाम तिच्यासाठी पडू द्या आणि तिला रागावू नका. आणि त्याचे कापणारे कुठे पळून गेले? ते तिथेच होते. मालक शेतात येताना त्यांना परमेश्वराच्या नावाने नमस्कार करत होता, त्यांच्या पंक्तीला बसून जेवत होता. त्याच पंक्तीत त्याने रूथलाही हुरडा वाढला. सरवा आणि मजुरी एकाच शेतात सुखाने नांदत होती.

लगेच कुणीतरी संत पौलाचे नाव घेईल, काम न करणाऱ्याने खाऊ नये म्हणून. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ते आहे, खरे. पण तिथे पौल बोलतो ते काम करायची इच्छाच नसलेल्या, लोकांच्या उठाठेवी करत हिंडणाऱ्यांबद्दल. पहाटे चारला उठून पाणी भरणारी, डबे करून मग दुसऱ्याच्या बांधावर जाणारी बाई त्यात कुठे बसते? तिच्यासाठीचे वचन पाहायचे तर याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी तिथे आक्रोश करते आणि तो परमेश्वराच्या कानी पोहोचतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम'मध्ये हेच कामगारांच्या भाषेत मांडले. मजूर नाइलाजाने कमी पैशांना कबूल झाला, म्हणून ती मजुरी न्याय्य होत नाही.

लहान शेतकऱ्याची अडचण मला दिसते. उसाचे बिल अडकते, बटाट्याचा भाव कोसळतो. तो वाढीव मजुरी कुठून देणार? त्याने भावासाठी भांडावे, आपण त्याच्या बाजूने उभे राहू. पण आपल्यात पगारदारही पुष्कळ आहेत. कर्नाटकात घरकाम किमान वेतनाच्या यादीत येऊन वीस वर्षे उलटली. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचा दर त्या यादीत किती आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी पाहिले?

आणि धर्मग्रामाचे काय? वार्षिक हिशेबात गरिबांसाठीचा निधी एका पानावर असतो. चर्च झाडणाऱ्याचा, स्मशानभूमी राखणाऱ्याचा, माळ्याचा पगार दुसऱ्या पानावर. यंदा परिषदेपुढे दोन्ही आकडे एकाच पानावर ठेवावेत अशी मी फादरांना विनंती केली आहे. आपल्याकडे महिनाभर काम करूनही कुणाच्या घरी आपल्याच गरीब-निधीतून धान्य जात असेल, तर निधीला हात न लावता आधी पगाराचा आकडा बदलू.