मीठ सांगण्याआधी घाम विचारा

वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा अमळनेरचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. आपल्यापैकी बहुतेक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र जानेवारीत असते तीच ओळ तेव्हाही असते : 'मीठ कमी'.

ही ओळ चुकीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम मिठाची, म्हणजे सुमारे 2 ग्रॅम सोडियमची आहे, आणि खानदेशी ताट ती सहज ओलांडतं. खिचडीबरोबर पापड, लोणचं, ठेचा, रात्री शेवभाजी. उडदाच्या पापडात मिठाखेरीज पापडखार असतो. तोही सोडियमचाच क्षार, पण आहाराची नोंद घेताना आपण तो धरतच नाही. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या माणसाला मीठ तोडायला ठामपणे सांगितलंच पाहिजे.

उन्हात राबणाऱ्याचं काय? दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सत्तरीतल्या एका शेतकऱ्याला माझ्याकडे आणलं. मुलगा म्हणाला, "आबा सकाळपासून बरळताहेत, लकवा असेल." हातपाय तर दोन्ही बाजूंचे नीट हलत होते. रक्तातलं सोडियम आलं 116. हवं असतं 135 ते 145. रक्तदाबासाठी थायाझाइड गटातली गोळी चालू होती, ती लघवीवाटे सोडियम घालवते. त्यात घाम, आणि तहान लागली की तांब्यावर तांब्या पाणी. मिठाचं विचारलं तर मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना. आबांनी भाजीत घालणंच बंद केलं." चिठ्ठी माझीच होती. सोडियम घाईने वर नेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून बेताबेताने चढवावं लागलं. आबा तीन दिवसांनी नीट बोलू लागले.

तेव्हापासून मी घामाचा हिशेब मांडतो. लिटरभर घामातून साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं. उन्हाला सरावलेलं शरीर दहा-चौदा दिवसांत घामातलं मीठ राखायला शिकतं. पण अशा मजुराचाही दिवसाचा घाम पाच लिटर धरला, तर अर्ध्या ग्रॅमच्या हिशेबाने अडीच ग्रॅम सोडियम, म्हणजे सहा ग्रॅमहून अधिक मीठ निव्वळ घामातून गेलं. पुण्याहून सुट्टीला आलेला, पोलीस भरतीच्या 1600 मीटरचा सराव करणारा मुलगा सरावलेला नसतो. पहिल्या आठवड्यात त्याचा घाम जास्त खारट असतो.

व्यायामशाळा चालवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. पाऊण तास पंख्याखाली वजनं उचलणाऱ्याला क्षारांची पावडर विकू नका. त्याला पाणी आणि रात्रीचं जेवण पुरतं. स्पर्धेआधी शरीर कोरीव दिसावं म्हणून मीठ आणि पाणी दोन्ही तोडायला लावणं तर थांबवाच. आणि लांब पळणाऱ्याला 'जमेल तितकं पाणी पी' असं सांगू नका. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांचं सोडियम कमी भरलं होतं, आणि पळता पळता ज्यांचं वजन वाढलं त्यांना धोका सर्वांत जास्त होता. धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एवढं साधं माप कुठल्याही आखाड्यात जमतं.

कमी सोडियमच्या मिठाबद्दलही विचारणा होते. चीनमधल्या 600 गावांत झालेल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने पक्षाघात 14 टक्क्यांनी घटले. ते सुचवायला हरकत नाही, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड अधू असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा.

या महिन्यापासून केसपेपरवर एक रकाना वाढवा : काम कोणतं, उन्हात किती तास, घाम किती. थायाझाइड घेणाऱ्या वृद्धांचं सोडियम वैशाखाआधी एकदा बघा. आबांची चिठ्ठी आता अशी आहे : गोळी बदलली, पापड-लोणचं बंद, भाजीत नेहमीचं मीठ, आणि शेतात जायच्या दिवशी मीठ घातलेलं ताक दोन पेले.