भीमेच्या वाळूचे खोटे गणित

पूर आला की वाळू येते, उपसलेली वाळू निसर्ग आपोआप भरून देतो, असा युक्तिवाद वाळूच्या धंद्याच्या समर्थनार्थ वर्षानुवर्षे केला जात आहे. लिलाव पुकारणारी सरकारे त्यावर विसंबली, ठेकेदार त्यावर गब्बर झाले आणि भीमेच्या दोन्ही तीरांवरील शिरूर-दौंडच्या गावांना तोच ऐकवला गेला. वडगाव रासाईच्या शेतकऱ्याने तो खरा मानावा काय? याचे उत्तर नदीच्या हिशेबानेच दिले पाहिजे.

वाळू खरोखर नव्याने येते अशी एक भूमी आज जगात आहे. ग्रीनलंडमध्ये हिमनद्या मागे हटत आहेत आणि बर्फाच्या भाराखाली भरडला गेलेला खडक वितळपाण्याबरोबर समुद्राकडे धावत आहे. जगातून समुद्राला मिळणाऱ्या गोड्या पाण्यात ग्रीनलंडच्या बर्फाचा वाटा सुमारे एक टक्का; नद्यांनी समुद्रात नेलेल्या गाळात मात्र तो आठ टक्क्यांच्या घरात जातो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात १९४० च्या दशकापासूनची विमानातून घेतलेली छायाचित्रे व उपग्रहचित्रे ताडून तेथील १२१ त्रिभुज प्रदेश तपासले गेले. १९८० च्या सुमारापर्यंत स्थिर असलेले हे प्रदेश पुढे समुद्रात सरकू लागले होते. साऱ्या जगाला वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू-खडी लागते; तेव्हा ग्रीनलंडची वाळू निर्यात करता येईल काय, याचीही चर्चा २०१९ पासून सुरू झाली. नफ्याची नजर किती दूरवर पोहोचते पाहा! पण तेथेही वाळू फुकट आलेली नाही. बर्फाची युगानुयुगांची ठेव मोडून ती आली आहे.

भीमेला हिमनदी नाही. भीमाशंकरच्या डोंगरातून निघणारी ही नदी येथे काळ्या बेसाल्टच्या प्रदेशातून वाहते. हा खडक झिजला की त्याची मुख्यतः काळी चिकणमाती होते. वाळू थोडी, आणि तीही फार सावकाश साठते. घोडनदीकाठच्या इनामगावात साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकरी वस्ती करून होते. नद्यांची पात्रे भरण्याचे काम असे दीर्घ कालमापनाने चालते. लिलावाची मुदत त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

त्यातही वरून येणारी वाट अडवलेली आहे. भीमेवर चासकमान, मुठेच्या खोऱ्यात पानशेत, वरसगाव व खडकवासला, मुळेवर मुळशी. रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा भीमेला मिळते ती या धरणांतून सुटलेले पाणी आणि पुणे शहराचे सांडपाणी घेऊन. जड वाळू जलाशयांच्या तळाशी राहते, खाली येतो तो बहुतांशी बारीक गाळ. पुराचे पाणी पाहून वाळू आली असे म्हणणे म्हणजे रिकामी बैलगाडी दारात उभी राहिली म्हणून धान्य आले असे समजणे होय.

वाळूचा थर हा नदीचा रांजण आहे. पावसाळ्यातले पाणी त्यात मुरते आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पाझरते. पात्र खरवडून खोल केले की काठातले पाणी उलट पात्राकडे ओढले जाते, विहिरींची पातळी उतरते, उभा राहिलेला काठ पुराच्या पहिल्या तडाख्यात जमिनीसह ढासळतो. मोठा बागायतदार मोटार आणखी खाली बसवतो, लांबून पाइपलाइन आणतो. एक विहीर आणि दोन एकर असलेल्याने काय करावे? पात्रातील वाळूत उन्हाळ्यात कलिंगडाचे वेल लावणाऱ्या भूमिहीनाचे तर रानच ट्रकमधून निघून जाते.

शासनाचे धोरण याबाबत धरसोडीचे आहे. २०२३ साली सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याची घोषणा झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये डेपो गुंडाळून पुन्हा लिलाव आले. दोन्ही वेळा चर्चा झाली ती दराची आणि महसुलाची. नदीत वाळू किती उरली, हे कोणी विचारले नाही. अधूनमधून महसूल खाते जिलेटिनने बोटी उडवते, त्याची छायाचित्रे छापून येतात. बोटीवर राबणारा मजूर पळतो किंवा पकडला जातो; बोटीत भांडवल घालणारा आणि त्या वाळूवर शहरात मजले चढवणारा सुखरूप राहतो. चोरी आणि लिलाव यांत कायद्याचा फरक जरूर आहे. भीमेच्या तळाला तो कळत नाही.

एक हत्यार मात्र लोकांच्या हाती आले आहे. पावसाळ्यापूर्वी व नंतर पात्राची पातळी मोजून वाळूची भर किती पडली हे सिद्ध करावे, असे केंद्राची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अशा अभ्यासाविना केलेल्या जिल्हा सर्वेक्षण अहवालावर पर्यावरण मंजुरी टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केले. वडगाव रासाईपासून मांडवगण फराट्यापर्यंतच्या आणि पैलतीरावरील दौंडच्या कार्यकर्त्यांनी प्रथम हे दोन आकडे तहसील कचेरीत लेखी मागावेत. ते चावडीवर लागेपर्यंत प्रत्येक ग्रामसभेने लिलावाविरुद्ध ठराव करावा, आणि उन्हाळ्यात आपापल्या विहिरींची पातळी स्वतः मोजून त्या ठरावाला जोडावी.