'गोल्फ व्ह्यू'चे पंधरा लाख



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घर तारण ठेवून धंद्यासाठी ओडी कशी घ्यायची ते बघितलं. त्यात मी जाता जाता म्हणालो होतो की समोरच्या मोकळ्या जागेवर बँक एक रुपया देत नाही. ते काही जणांना झोंबलं. विशेषतः सीवूड्स, खारघर आणि पाम बीच रोडच्या बाजूला घर घेतलेल्यांना. म्हणून हा विषय जरा सविस्तर लिहितोय. व्हिडिओत एवढं बोलायला वेळ मिळत नाही.

आधी गणित करू, मत नंतर देतो. समजा हजार स्क्वेअर फुटाचा फ्लॅट आहे. त्याच बिल्डिंगमध्ये, त्याच मजल्यावर, मागच्या बाजूच्या फ्लॅटपेक्षा समोरच्या बाजूचा फ्लॅट फुटाला दीड हजाराने महाग आहे, कारण समोर हिरवळ दिसते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका. म्हणजे पंधरा लाख जास्त. हे पंधरा लाख तुम्ही साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या लोनमध्ये घातलेत तर महिन्याला साधारण तेरा हजार हप्ता फक्त त्या हिरवळीचा. वीस वर्षांत एकतीस लाखांच्या वर. तेरा हजारांत दुकानात एक पार्टटाइम पोरगा उभा राहतो!

आता प्रश्न असा की हे पैसे गेले कोणाकडे? बिल्डरकडे. हिरवळ कोणाची? बिल्डरची नाही. त्याने दुसऱ्याच्या जमिनीकडे बोट दाखवून तुमच्याकडून पैसे घेतले. आणि ज्याची जमीन आहे त्याने तुम्हाला काहीच कबूल केलेलं नाही, कारण तुमचा त्याच्याशी व्यवहारच नाही.

कायदाही इथे तुमच्या बाजूने फारसा नाही. आपला सुविधाधिकाराचा कायदा १८८२ सालचा, ज्याला वकील ईझमेंट अॅक्ट म्हणतात. त्यात वीस वर्षं सलग मिळालेल्या उजेडावर आणि हवेवर हक्क सांगता येतो. देखाव्यावर नाही. खिडकीतून खाडी दिसते, डोंगर दिसतो, गोल्फ कोर्स दिसतो, हे छान आहे, पण तो तुमचा हक्क नाही. रेडी रेकनरमध्येसुद्धा मजल्याप्रमाणे दर वाढतो, व्ह्यूचा वेगळा कॉलम नसतो.

बरं, 'आमच्या ब्रोशरमध्ये गोल्फ कोर्स छापला होता' असं म्हणणारे भेटतात. रेराच्या कलम १२ खाली जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते. कलम १४ प्रमाणे बिल्डरला मंजूर लेआउट बदलायचा असेल तर दोन तृतीयांश खरेदीदारांची संमती लागते. पण हे सगळं त्या प्रोजेक्टच्या कुंपणाच्या आत. तुमच्या लेआउटमधलं गार्डन उडवलं तर तुमच्या हातात काहीतरी आहे. कुंपणाबाहेरच्या जागेचं ब्रोशरमध्ये 'कलाकाराची कल्पना' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि विषय तिथेच संपतो. अमेरिकेत गोल्फ कोर्सभोवती अख्ख्या वसाहती बांधलेल्या आहेत. तिथे २००६ नंतर नवीन कोर्स उघडण्यापेक्षा बंद पडणारेच जास्त झाले आणि त्या जागांवर घरं यायला लागली. शेजारचे घरमालक कोर्टात गेले, की बाबा रे, आम्हाला प्लॉट विकताना नकाशात कोर्स दाखवला होता. काही ठिकाणी कोर्टांनी ते मानलंही. तिथे कोर्स आणि प्लॉट विकणारा मुळात एकच होता, म्हणून ते जमलं.

आता नवी मुंबईत या. इथेच आपली गोष्ट वेगळी होते.

आपल्याकडे जमीन विकणारा आणि नकाशा काढणारा बऱ्याच काळ एकच होता. १९७० साली सिडको आली. तिने नोड आखले, सेक्टर पाडले, कुठे शाळा, कुठे बाजार, कुठे मोकळी जागा ते ठरवलं आणि मग तेच प्लॉट साठ वर्षांच्या लीजवर दिले. १९९२ ला महापालिका झाली. तरी तिच्या हद्दीतली बरीचशी शिल्लक जमीन सिडकोचीच राहिली.

धंद्याच्या भाषेत सांगतो. एखाद्या कंपनीने तुम्हाला नेरुळची डिस्ट्रिब्युटरशिप दिली. डिपॉझिट घेतलं. एरियाचा नकाशा दाखवला, की हा भाग तुमचा, इथे दुसरा कोणी नाही. तुम्ही गोडाऊन घेतलं, टेम्पो घेतला. चार वर्षांनी त्याच कंपनीने समोरच्या गल्लीत दुसऱ्याला डिस्ट्रिब्युटरशिप दिली आणि म्हणाली, नकाशा आमचा आहे, आम्ही बदलला. तुम्ही काय म्हणाल? 'ठीक आहे, मार्केट आहे' असं म्हणाल? नाही ना! डिपॉझिट घेताना नकाशा दाखवला होता, म्हणून भांडाल. बाहेरून तिसऱ्याच कंपनीचा डिस्ट्रिब्युटर आला असता तर गोष्ट वेगळी होती, ती स्पर्धा.

माझं मत एवढ्यावर उभं आहे. व्ह्यू गेला म्हणून कोणी गळा काढला तर मला त्यात फार रस नाही. पण ज्याने नकाशा दाखवून प्लॉट विकले त्यानेच नंतर नकाशा बदलून उरलेली जागा पुन्हा विकायला काढली, तर शेजाऱ्यांना विचारायला हवं आणि नुकसान भरून द्यायला हवं. बांधकाम सुरू करायच्या आधी.

सीवूड्सचं प्रकरण तुम्हाला वरवर माहीत असेल. नेरुळच्या टोकाला, एनआरआय कॉम्प्लेक्स आणि टी. एस. चाणक्यच्या मागे खाडीकडेला पाणथळ जागा आहेत. फ्लेमिंगो येतात त्याच. त्या भागात सिडकोचा गोल्फ कोर्सचा प्रकल्प होता आणि त्याच्याबरोबर निवासी इमारती. म्हणजे आपल्याकडे उलटा प्रकार. तिकडे गोल्फ कोर्स मोडून घरं, इकडे गोल्फ कोर्सचं बोट धरून घरं. तिथलेच रहिवासी हायकोर्टात गेले, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो प्रकल्प रद्द ठरवला. मग सिडको आणि विकासक सुप्रीम कोर्टात गेले.

यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी, की रहिवाशांची केस 'आमचा व्ह्यू जातोय' यावर उभी नव्हती. तशी असती तर पहिल्याच तारखेला बाहेर आले असते. ती पाणथळ जागेच्या संरक्षणावर उभी होती. ज्या गोष्टीवर तुमचा खाजगी हक्क नाही, ती सार्वजनिक म्हणून वाचवता येते. हे वाक्य दोनदा वाचा, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये नव्वद टक्के वेळ 'आपले रेट पडतील' यातच जातो.

पुढचं ऐका. महापालिका होऊन तीस वर्षं झाल्यावर, २०२२ मध्ये, तिचा पहिला प्रारूप विकास आराखडा आला. पर्यावरणवाल्यांचा आक्षेप होता की याच पाणथळ जागा त्यात बांधकामाला मोकळ्या दाखवल्यात. हजारो हरकती गेल्या. आणि त्याच वेळी शहरात रस्त्याकडेला फ्लेमिंगोचे पुतळे बसवून आपण स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवत होतो! ठाणे खाडीच्या अभयारण्याला रामसर दर्जा मिळाला तोही २०२२ मध्येच. जवळच्या डीपीएस तलावाचं पाणी अडलं, २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे पक्षी मेले, बराच गदारोळ झाला, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो साधारण तीस एकरांचा तलाव संवर्धन राखीव करायला मंजुरी दिली. म्हणजे लोक मागे लागले तर निर्णय फिरतात.

आता मी कुठे उभा आहे ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल फुकट उपदेश करतोय. माझं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे. नवीन टॉवर उभा राहिला की ताबा मिळाल्यापासून दोन वर्षं मला धंदा असतो. बिजागऱ्या, कडी-कोयंडे, प्लाय, पुट्टी, नळ. पाचशे फ्लॅटचा प्रोजेक्ट म्हणजे पाचशे किचन. तुमच्यातले किराणावाले, सलूनवाले, ट्यूशनवाले, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई, सगळ्यांचं तेच. मोकळी जागा आपल्याला गिऱ्हाईक देत नाही. त्यामुळे 'घरं नकोत' असं मी म्हणूच शकत नाही, आणि म्हणणारही नाही. या शहरात भाड्याने राहून दुकान चालवणारे कितीतरी आहेत, त्यांना घर हवंय. कोणाच्या तरी बाल्कनीतून हिरवळ दिसावी म्हणून त्यांनी थांबावं हे मला पटत नाही. गोल्फ खेळणारे किती आणि घर शोधणारे किती, हेही बघायला लागेल. उद्या खारघरच्या गोल्फ कोर्सवर, तो सिडकोने २०१२ मध्ये सुरू केलेला, घरं बांधायची चर्चा निघाली तर मी पहिल्याच मिनिटाला विरोध करणार नाही. आधी विचारेन, कोणासाठी घरं, काय भावाने, आणि डोंगरावरून उतरणारं पाणी कुठे जाणार?

पाण्याचा प्रश्न मात्र मी सोडणार नाही. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने डच लोकांच्या पद्धतीने धारण तलाव केले. भरती आली की खाडीकडची झडप बंद होते, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला झडप उघडते आणि ते खाडीत जातं. भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले की सगळा भार या तलावांवर आणि आजूबाजूच्या सखल मोकळ्या जागांवर येतो. त्यांची जागा कमी केली तर पाणी कुठे बसणार? तळमजल्यावर. तळमजल्यावर कोण असतं? आपण. वरच्या मजल्यावरच्याचा व्ह्यू जातो, आपला माल भिजतो. सिमेंटच्या भिजलेल्या गोणीचं काय करायचं ते मला विचारा. पायरीला लावायला पण उपयोगी पडत नाही.

म्हणून मला वाटतं की या विषयात दुकानदार आणि घरमालक दोन बाजूंना नाहीत. घरमालकाचं घर बँकेत तारण आहे, त्यावर त्याच्या धंद्याची ओडी चालते. शेजारची जागा बदलली, दोन वर्षं बांधकामाची धूळ आणि ट्रक सुरू झाले, विकायला काढलेल्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळेना, की व्हॅल्युएशनवाला खालचा आकडा टाकतो आणि नूतनीकरणाच्या वेळी लिमिट कमी होते. ते नेमकं दिवाळीच्या मालाच्या आधी होतं. पुढे नवीन वस्ती आली, दुकानं आली, तर कदाचित भाव परत वर जातील. जातातही. पण मधली दोन-तीन वर्षं हप्ता कोणी माफ करत नाही.

तर करायचं काय? घर घ्यायचं असेल तर समोरच्या जागेचं नाव विचारू नका, तिचा झोन विचारा. महापालिकेकडून किंवा सिडकोकडून नकाशा काढा, डीपी रिमार्क मागा, जमीन कोणाच्या नावावर आहे आणि लीज किती राहिली ते बघा. महारेराच्या साइटवर तुमच्या प्रोजेक्टचा मंजूर लेआउट असतो, ब्रोशर आणि तो शेजारी शेजारी ठेवा. आणि ते पंधरा लाख द्यायचेच असतील तर हौस म्हणून द्या, परवडत असतील तर. बायकोला, आईला सांगा की हा टीव्हीसारखा खर्च आहे. गुंतवणुकीच्या वहीत लिहू नका. मी माझ्या ट्रेनिंगमध्येही हेच सांगतो.

घर घेऊन झालं असेल तर पेपरमधल्या जाहीर नोटिसा वाचायची सवय लावा. आराखड्यात छोटा फेरबदल करायचा असेल तर एमआरटीपी कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. त्या नोटिसा बारीक टाइपात, सर्व्हे नंबर आणि सेक्टर नंबरच्या भाषेत असतात. तुमचा प्लॉट नंबर, सेक्टर नंबर आणि समोरच्या जागेचा नंबर सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे सेक्रेटरी बदलला तरी चालेल.

हरकत लिहिताना 'आमच्या घरांचे दर कमी होतील' हे पहिल्या ओळीत लिहू नका. पहिल्या ओळीत पाणी लिहा. मग मोकळ्या जागेचं प्रमाण, पक्षी असतील तर पक्षी, रस्त्याची रुंदी, शाळा. प्रत्येकाने वेगळ्या शब्दांत, स्वतःच्या सहीने, पोच घेऊन द्या. सोसायटीच्या एका लेटरहेडवर शंभर सह्या करून दिल्यात तर ती एकच हरकत म्हणून धरली जाण्याचा धोका आहे. दुकानदारांनी वेगळी द्यावी, शॉप लायसन्सची झेरॉक्स जोडून.