घरची शाळा : चुकलेलें चित्र

कोणत्याही घरांतील शाळकरी मुलापुढें कागद ठेवा आणि 'निसर्गाचें चित्र काढ' म्हणून सांगा. तो काय काढील हें मी न पाहतां सांगतों. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खालीं वळण घेत आलेली नदी, कांठीं एक झोपडी, झोपडीपाशीं नारळाचें झाड, आणि आकाशांत दोन दोन रेघांचीं पांखरें! कोंकणांतील मुलानें नारळ काढिला तर त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ज्याच्या दारांतून कळसुबाईचें शिखर दिसतें आणि ज्याच्या वाटेवर हिरडा उभा आहे, त्या अकोले तालुक्यांतील मुलाच्या कागदावर नारळ कोठून उगवला? तो त्यानें पाहिलेला नसतो. शिकविणारानें दाखविलेला असतो. शिकविणारांत माझीही गणना होते, म्हणून आज एक जुनी हकीकत सांगावयाची आहे.

प्रवरेच्या वरच्या खोऱ्यांत मी कांहीं वर्षें मास्तरकी केली. एके दिवशीं फळ्यावर 'पक्षी' एवढाच शब्द लिहिला आणि मुलांस चित्र काढावयास सांगितलें. बहुतेकांनीं पुस्तकांतला पोपट उतरविला. महादेव कोळ्यांच्या वाडीवरून चालत येणाऱ्या एका मुलानें मात्र एकाच फांदीवर दोन पांखरें काढिलीं होतीं. दोहोंचीं डोकीं काळीं, डोक्यांवर तुरे, शेपट्या फितीसारख्या लांब. पण एक पांढरें स्वच्छ आणि दुसरें विटकरी रंगाचें. मी विचारिलें, "हा कोणता पक्षी?" तो म्हणाला, "गुरुजी, नांव नाय ठावं. वढ्यावर असत्यात. दोन्ही येकाच जातीचे." मीं तांबड्या शाईनें खालीं शेरा मारिला : 'असा पक्षी नसतो. कल्पना नको.' पुढच्या परीक्षेंत त्या मुलानें निमूटपणें पोपट काढिला, आणि मीं त्यास पैकीच्या पैकी गुण दिले.

पुढें बऱ्याच वर्षांनीं रंधा धबधब्याच्या बाजूस एका ओढ्यावर तो पक्षी मला स्वतः दिसला. त्याचें नांव स्वर्गीय नर्तक. त्याचा नर पांढराही असतो व तांबूसही असतो. मादी तांबूस, पण आखूड शेपटीची. म्हणजे मुलाचें चित्र अक्षरशः खरें होतें. चुकला होता तो शेरा. मुलापाशीं डोळे होते आणि मजपाशीं केवळ शाई होती.

ज्या संस्कृतावर आपण अभिमान सांगतों, त्यानें तरी मला सावध करावयास हवें होतें. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकांत दुष्यंत शकुंतलेचें चित्र काढून बसला आहे. तरी तें त्यास अपुरें वाटतें. मालिनी नदी, तिच्या वाळूंतील हंसांचें जोडपें, हिमालयाच्या पायथ्याशीं बसलेलीं हरणें, आणि काळविटाच्या शिंगावर डोळा खाजविणारी हरिणी, एवढें काढावयाचें राहिलें आहे असें तो सांगतो. ती हरिणी कोणत्याही पुस्तकांतून उतरविलेली नाहीं. कोणीतरी रानांत थांबून ती पाहिलेली आहे. हा अंक मी स्वतःशीं कितीदां वाचला असेल. पण त्यांतला धडा वर्गांत कामास आला नाहीं!

यंदा ज्येष्ठाच्या आरंभीं नातवंडांस घेऊन भंडारदऱ्यास गेलों होतों. तेथील विल्सन धरण १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. भोंवतालचें रान १९८६ पासून कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतें. मृगाच्या आधींच्या त्या काळोख्या रात्रीं हिरडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लुकलुकतात. नातीनें विचारिलें, "आजोबा, काळोखाचें चित्र कसें काढावयाचें?" मीं तिच्या हातीं जुनी दगडी पाटी आणि पेन्सिल दिली. काळोख आयताच मिळाला. तिला केवळ ठिपके द्यावयाचे होते. ठिपके देतां देतां तिच्या ध्यानांत आलें कीं, ते एकाच वेळीं सगळे पेटत नाहींत व त्यांच्या उघडझांपेस एक ठेका आहे. हा प्रकाश म्हणजे नरमादींची खूण होय, आणि जातीजातीचा ठेका निराळा असतो. मग मोटारींचे दिवे त्या झाडांवर पडले कीं काय होत असेल, हें तिला समजावून सांगावें लागलें नाहीं. "त्यांना एकमेकांचें दिसत नसेल," असें तीच म्हणाली. गर्दी करून काजवे पाहणाऱ्या पुष्कळ मोठ्या माणसांस जें उमगत नाहीं, तें पाटीनें एका रात्रींत शिकविलें.

पालकांनीं व घरांतील वडीलधाऱ्यांनीं एवढें करावें. प्रत्येक मुलास एक कोरी वही द्यावी. पाहिल्यावांचून कांहीं काढावयाचें नाहीं, हा एकच नियम असावा. चित्राखालीं तिथि, ठिकाण आणि त्या गांवचें नांव लिहावें. नांव ठाऊक नसेल तर गुराख्यास विचारावें, मोलकरणीस विचारावें, आजीस विचारावें. घरट्यास हात लावूं नये, फुलपांखरूं पकडून टांचूं नये. चित्र सुबक आहे कीं नाहीं हें न विचारतां 'त्याचे पाय कसे होते? तें काय खात होतें?' असें विचारावें. उत्तर येत नसेल तर मूल पुनः पाहावयास जाईल, आणि तोच खरा अभ्यास.

विषयांची वाण नाहीं. ताम्हण हें आपलें राज्यपुष्प, हरियाल हा राज्यपक्षी आणि शेकरूं हा राज्यप्राणी. परंतु ज्यांस आफ्रिकेचा जिराफ बिनचूक काढतां येतो, अशा किती मुलांनीं शेकराची झुपकेदार शेपटी पाहिली आहे? सह्याद्रींतील कारवी साधारण सात वर्षांनीं एकदां फुलते आणि मग वाळून जाते. इयत्ता तिसरींत ज्यानें ती फुललेली काढिली, त्यास पुनः संधि दहावीच्या वर्षींच! उलट पक्षीं, शहरांतल्या चाळींत राहणाऱ्यानेंही निराश होऊं नये. खारूताई, साळुंकी, पाल आणि कोळी हींही ह्याच देशचीं आहेत.

पाहून काढणें ही कला पाठशाळेंतूनच येते असें नाहीं. वारली स्त्रिया लग्नप्रसंगीं भिंतीवर तांदुळाच्या पिठानें चौक काढीत आल्या आहेत. त्याच परंपरेंतील जिव्या सोमा म्हसे यांस २०११ सालीं 'पद्मश्री' मिळाली. ज्यांच्या मुलांस आपण 'कल्पना नको' म्हणून गप्प बसवितों, त्यांच्या भिंतींपुढें जग उभें राहतें.

तो कोळ्याचा मुलगा आतां प्रौढ गृहस्थ झाला असेल. त्याच्या कागदावरील शेरा मला पुसतां येत नाहीं. मात्र नातवाच्या वहींत गेल्या आठवड्यांत एक किडा आला आहे, हिरवा, पाठीवर सोनेरी झांक असलेला. मला त्याचें नांव येत नाहीं. खालीं मीं शिसपेन्सिलीनें एवढेंच लिहिलें : 'कोठें दिसला? मलाही दाखव.' वाचकांच्या घरीं अशा वह्या सुरू झाल्यास त्यांत प्रथम काय आलें, तें अवश्य कळवावें.