दुखण्याचा वाटा



हंगाम ऐन भरात आहे. तोड कधी येणार, उतारा किती पडतो, पहिली उचल कधी जमा होणार, याच गोष्टी गट ऑफिसात चालू आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. पण आज आम्ही निराळ्या विषयावर चार शब्द लिहितो. कडू लागतील, तरी वाचावेत.

आपल्यातल्याच एका सभासदाला तोंडाचा कॅन्सर झाला. तंबाखूची जुनी सवय. शहरातल्या दवाखान्याच्या खेपा झाल्या, वीस गुंठे विकले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "घरी न्या, आता करण्यासारखं काही उरलं नाही." पुढचे दोन महिने तो माणूस रात्ररात्र कण्हत होता. शेजारच्या वस्तीवर ऐकू जाई. पाठीला जखमा झाल्या. बायकोनं आणि सुनेनं काय सोसलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. आम्ही भेटायला गेलो, बिस्किटांचा पुडा ठेवला, "काळजी घ्या" म्हणालो आणि परत आलो. काळजी कशी घ्यायची, हे आम्हालाही माहीत नव्हतं.

"करण्यासारखं काही उरलं नाही" हे म्हणणंच मुळात चूक आहे. रोग बरा होत नसला तरी दुखणं हलकं करता येतं, जखमा स्वच्छ ठेवता येतात, घरच्यांना धीर देता येतो. डॉक्टर लोक याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. त्याला मोठी इमारत लागत नाही की महागडं मशीन लागत नाही.

हे केरळात करून दाखवलं आहे. १९९३ साली कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी एक लहानसा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. लवकरच ध्यानात आलं की ज्याला खरी गरज आहे, तो अंथरुणातून उठून येऊच शकत नाही. मग दवाखानाच घराकडे निघाला. मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावची साधी माणसं, शिक्षक, दुकानदार, बायका, कॉलेजची पोरं, शिकून तयार झाली. नर्सबाईंबरोबर ती घरोघर जाऊ लागली. लोकांनी थोडे थोडे पैसे घालून हे काम उभं केलं. रोग्याच्या घरी चूल पेटत नसेल तर तांदूळ पोचवले. सरकार मागून आलं. २००८ साली केरळ सरकारनं त्याचं धोरण ठरवलं.

दुसरी गोष्ट औषधाची. कॅन्सरच्या जबर दुखण्यावर मॉर्फिन लागतं, आणि ते अफूपासून होतं. मध्य प्रदेश, राजस्थानातले आपल्यासारखेच शेतकरी सरकारी परवान्यावर अफू पिकवतात. तरी आपला रोगी गोळीवाचून तळमळतो! १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचा हेतू चांगला होता, पण परवान्यांचा इतका घोळ झाला की बहुतेक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता मान्यताप्राप्त संस्थेला ते ठेवणं पुष्कळ सोपं आहे. व्यसन लागेल ही भीती घरोघर असते. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्यापुरतं दिलं तर ती भीती धरून माणसाला तळमळत ठेवण्याचं कारण नाही.

आता कोणी म्हणेल, झाली आणखी एका कपातीची तयारी! तसं नाही. बिलातून परस्पर कापलेल्या पैशात आपलेपणा राहत नाही. ज्याला वाटेल त्यानं आपल्या हातानं द्यावं. आमची सूचना एवढीच की, गटवार अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करावी. चिटबॉयला प्रत्येक घर ठाऊक असतं. प्रत्येक गटातून दोन पुरुष, दोन बायका शिकायला पाठवाव्यात. आठवड्यातून एक दिवस कारखान्याची गाडी नर्सबाईंसाठी मोकळी ठेवावी आणि मॉर्फिनसाठी जिल्हा रुग्णालयाशी बोलणं करावं. यादीत सभासद आणि टोळीतला मजूर असा भेद नको. दुखणं शेअर बघून येत नाही.

कोणी असंही विचारील, की म्हणजे म्हाताऱ्याला मरायला सोडून द्यायचं का? उलट आहे. आज आपण त्याला एकटं सोडतो. बरं होण्यासारखं आहे तोवर इलाज करायचाच. पण ते होणार नाही असं डॉक्टर स्पष्ट सांगतात, तेव्हा उरलेलं रान विकण्यापेक्षा त्याची रात्र सुखाची जावी, हे बघणं शहाणपणाचं आहे.

१९५० साली प्रवरेला लहान लहान शेतकऱ्यांनी पै पै जमवून कारखाना उभा केला, तेव्हाही हे जमायचं नाही असं म्हणणारे होते. ऊस एकत्र गाळता येतो हे आपण शिकलो. दुखण्याचा भारही वाटून घेता येईल. येत्या वार्षिक सभेपुढे हा विषय ठेवावा, अशी संचालक मंडळाला आमची विनंती आहे. सभासदांनीही तोवर आपापल्या वस्तीवर कोण अंथरुणाला आहे, एवढं तरी बघून ठेवावं.